अठ्ठ्याहत्तर गुणांनी उत्तीर्ण

विठामावशीच्या बिल्डिंगमधले तडे मी स्वतः मोजले. बारा भरले. तेरावा पण होता, कॅलेंडरच्या मागे, पण मावशी म्हणाली, "त्याला हात नको लावू इनीत, त्याच्यावर गॅसच्या तारखा लिहिल्यात." म्हणून बारा.

मावशी मला विनीत कधी म्हणालीच नाही. ती मुरबाडकडची, सुरुवातीचा 'वि' तिच्या तोंडात 'इ' व्हायचा. स्वतःला पण इठाच म्हणायची. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये गुलराज अपार्टमेंट, चौथा माळा, वर फक्त गच्ची. काका गेल्यापासून एकटी. जीन्सचे धागे कापायचं काम करायची. दुसऱ्या माळ्यावर हरेशभाईंचा शिलाईचा कारखाना, तिथून पँटींचे गठ्ठे वर यायचे आणि कात्री दिवसभर चालायची. खाली मशिनी सुरू झाल्या की मावशीच्या मांडणीवरचे पेले आपोआप एकमेकांशी बोलायला लागायचे. मावशी म्हणायची, "चला, दहा वाजले."

मी कामाला होतो दृढस्तंभ सर्व्हेमध्ये. अंबरनाथ स्टेशनजवळ एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस. मालक भूपेशदादा, खरवईचा, सिव्हिल इंजिनियर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडच्या जुन्या बिल्डिंगी तपासून त्या राहण्यालायक आहेत का नाहीत ते सांगायचं, हे आमचं काम. तपासायचं म्हणजे तीन गोष्टी लिहायच्या. बिल्डिंगचं वय, तडे आणि माळे.

फॉर्म्युला दादाने मला तोंडी सांगितला, तो पण वडापाव खाता खाता.

"वय नि तडं मिळव. माळ्यांनी गुण. शंभराच्या वर गेलं का बिल्डिंग खाली करायची. समजला का, बाला?"

समजलं. मी तो जसा ऐकला तसाच कॉम्प्युटरमध्ये घातला. आधी आकडे, मग त्यांचं काय करायचं ते. गुलराजचं वय तीस, तडे बारा, माळे चार. म्हणून ३० १२ + ४ ×. कॉलेजात याला पोस्टफिक्स म्हणतात. शाळेत शिकवतात ते इनफिक्स, त्यात चिन्ह दोन आकड्यांच्या मधे बसतं. या धड्यावर मी दोनदा नापास झालोय, त्यामुळे तो मला चांगला येतो.

मावशीला पण मी तो शिकवला होता. म्हणजे तिनेच विचारलं, तू दिवसभर कॉम्प्युटरवर काय करतो म्हणून.

"हे बघ," मी म्हणालो, "तुझ्या पँटींची चळत आहे ना, तसं. आकडा आला की चळतीवर ठेवायचा. चिन्ह आलं की वरचे दोन उचलायचे, काम करायचं, जे येईल ते परत वर ठेवायचं. तीस ठेव. बारा ठेव. मिळव. झाले बेचाळीस. त्याच्यावर चार ठेव. गुण."

"एकशे अडुसष्ट," मावशी कात्री न थांबवता म्हणाली. चौथी शिकलेली, पण डझनावर डझन पँटी मोजून हिशोब पक्का झालेला. "मंग यात शिकायचं काय? आपण बोलतोच असं. डाळ, तांदूळ धू. मीठ घाल. शिजव. आधी वस्तू, मंग काम."

"शाळेतली पद्धत वेगळी असते. चिन्ह मधे. तांदूळ मिळव डाळ धू."

मावशीची कात्री थांबली. "मंग तांदूळ धुतलं का नाय?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे. शाळेच्या नियमाने फक्त डाळ धुवायची. दोन्ही धुवायचं असेल तर तांदूळ नि डाळ कंसात घालायचं."

"कौंसात?"

"कंस. ब्रॅकेट."

"म्हंजे बिनधुतलं तांदूळ खाऊ नये म्हणून कंस ठेवायचा," मावशी म्हणाली. "बरं हाय तुमचं."

तर गुलराज एकशे अडुसष्ट. शंभराच्या बरीच वर. रिपोर्ट निघाला, गेटवर चिकटला, आणि लोकांनी शिव्या देत सामान बांधलं. मावशीला मी बदलापुरात, कुळगावला आमच्या घरी आणलं. ती चार गठ्ठे, कात्री आणि ते कॅलेंडर घेऊन आली. कॅलेंडर काढल्यावर मागचा तेरावा तडा मी पहिल्यांदा नीट बघितला. त्यात माझं बोट गेलं.

दोन दिवसांनी हरेशभाई ऑफिसात आले. ते गुलराजचे सेक्रेटरी. हातात रिपोर्ट, काखेत दुकानातला मोठा कॅल्क्युलेटर.

"भूपेश साईं, ये क्या लिखा है? तीस बारा प्लस चार गुणिले. ये बिल्डिंगचा हिशोब हाय का कोणाचा मोबाईल नंबर?"

"पोस्टफिक्स आहे," मी म्हणालो.

"तू चुप बस बेटा. तेरी मावशी का ख्याल करके बोल रहा हूँ. और शंभरमधून एकशे अडुसष्ट? अरे, माझा महेश दहावीला त्रेचाळीस घेऊन आला. बिल्डिंग एकशे अडुसष्ट घेते आणि नापास?"

दादाने कपाळाला हात लावला. त्या आठवड्यात हे दहावे सेक्रेटरी. चारशे बारा बिल्डिंगींतल्या एकसष्ट आम्ही खाली करायला सांगितल्या होत्या. त्यातल्या सहांमध्ये दादाचेच नातेवाईक राहत होते. एक बदलापूरचा तीन वर्षांचा सात माळ्यांचा टॉवर पण होता, कारण आमच्या एका सर्व्हेवाल्याने लॉबीतल्या संगमरवराच्या रेघा तडे म्हणून मोजल्या होत्या. तेवीस.

हरेशभाई गेल्यावर दादा म्हणाला, "विनीत, चिन्हा मधी टाक. लोकांना शालेत शिकवलंय तसा दिसू दे. उगाच भांडणा नकोत."

"टाकतो. पण मग कंस घालावे लागतील."

"घाल ना. कंसाला कोण नको बोलतो?"

नको बोलला तो फाँट. रिपोर्ट टाईप करायच्या रिद्धीताई. त्यांचा मराठी फाँट त्यांच्या लग्नाच्या आधीचा. त्यात उघडता कंस दाबला की 'ऋ' उमटायचा आणि बंद करायचा दाबला की 'त्र'. नवीन रिपोर्ट छापून आला त्यावर होतं: ऋ३० + १२त्र × ४.

"हे काय आलं?" मी विचारलं.

"कंस," रिद्धीताई म्हणाल्या. "आमच्यात असाच येतो."

"फाँट बदलूया ना."

"बदल. मग चारशे बारा रिपोर्ट तू टाईप कर."

दादाने तो कागद उजेडात धरला. "ह्यो ऋ कोन? आता हरेश विचारल, ऋषी कनचा बसवलाय गुलराजमधी. उडव त्यो कंस."

"दादा, उत्तर बदलेल."

"कसा बदलल? आकडे तेच, चिन्हा तीच."

मी टेबलावरचा कॅल्क्युलेटर पुढे केला, दिवाळीत कोणीतरी भेट दिलेला. तीस, अधिक, बारा, गुणिले, चार. एकशे अडुसष्ट.

"बग," दादा म्हणाला. "बदलला?"

मी मोबाईल काढला. तेच आकडे, तीच बटणं, त्याच क्रमाने. अठ्ठ्याहत्तर.

दादाने कॅल्क्युलेटर आणि मोबाईल शेजारी शेजारी धरून बघितले. खाली कोणीतरी पाईप कापत होता.

"शाळेत होतं ना आपल्याला," मी म्हणालो. "कंचेभागुबेव. आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, मग बेरीज, वजाबाकी. साधा कॅल्क्युलेटर जसं दाबाल तसं करत जातो. मोबाईल शाळेत गेलाय. तो गुणाकार आधी करतो. बारा चोक अठ्ठेचाळीस, त्यात तीस. कंस नसला तर तेच बरोबर."

"म्हंजे अठ्ठ्याहत्तर बरोबर?"

"कंस नसला तर. पण आपल्याला कंस पाहिजे. वयाला पण माळ्यांनी गुणायचं आहे. तुम्हीच सांगितलं होतं."

"मी कंस कदी बोललो?"

बोलला नव्हता. बोलताना कोणीच कंस बोलत नाही.

दादा खुर्चीत मागे रेलला. माणूस वाईट नव्हता, फक्त दहा सेक्रेटऱ्यांनी शेकलेला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजाडत गेलं.

"मोबाईल नवीन हाय," तो म्हणाला. "कॅल्क्युलेटर फुकटचा. मोबाईलचा धर."

"दादा."

"अरे, कंस मारला म्हणून तर आपण दहीहंडी फोडतो. कंस उडवून कदी कोनाचा वाईट झालाय?" स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. रिद्धीताई पण हसल्या. खरं सांगायचं तर मी पण हसलो. "तू उडव आता. सोमवारी बसू आनि नीट बगू. तोपर्यंत लोकांना श्वास तरी घेऊ दे."

जे छापलंय तेच मशीनने करायला पाहिजे, नाहीतर कोणीतरी बोट दाखवेल, म्हणून मी माझा पोस्टफिक्सवाला प्रोग्राम बंद केला आणि छापलेली ओळ जशीच्या तशी नव्यात टाकली. एक ऋ खोडला, एक त्र खोडला. दोन बटणं. बुधवार होता.

एकसष्ट धोकादायक बिल्डिंगींतल्या साठ एका मिनिटात सुधारल्या. उरला तो एकटा संगमरवरवाला टॉवर. तीन अधिक तेवीस गुणिले सात, एकशे चौसष्ट. तिथली माणसं त्याच संध्याकाळी बाहेर पडली, आणि तीनही शहरांतली सगळ्यात मजबूत बिल्डिंग रिकामी झाली.

अठ्ठ्याहत्तर म्हणजे किती धोका, हे कोणी विचारलंच नाही. आपल्याकडे शंभराच्या आतला आकडा म्हणजे मार्क. हरेशभाईंनी पेढे वाटले. शुक्रवारी गुलराजच्या गच्चीच्या कठड्यावरून खाली दोन माळे एक फ्लेक्स सोडला. त्यावर हरेशभाईंचा हात जोडलेला फोटो, बाजूला बिल्डिंगचा फोटो, बिल्डिंगला पण हार घातलेला, आणि खाली लिहिलेलं: 'गुलराज अपार्टमेंट ७८ गुणांनी उत्तीर्ण! हार्दिक अभिनंदन!' फ्लेक्सची लोखंडी चौकट धरायला गच्चीत ड्रिलने आठ भोकं पाडली होती.

त्यांनी मावशीला पण फोन केला. स्पीकरवर होता, मी ऐकला.

"विठाबाई, बिल्डिंग पास हो गई! फर्स्ट क्लास! शनिवारी सत्यनारायण ठेवलाय गच्चीवर, सब आ रहे हैं. तुम्ही पण या. आणि ते गठ्ठे पण घेऊन या हां, माल अटकलाय."

मावशी मग माझ्याकडे बघत राहिली. "इनीत, पास झाली का रं?"

"रिपोर्ट तसा आलाय."

"तूच करतो ना त्यो रिपोर्ट?"

"हो."

"मंग झालं," ती म्हणाली आणि कॅलेंडरची गुंडाळी करायला लागली. हरेशभाईंचं सोडा, त्या फ्लेक्सवर पण तिचा विश्वास नव्हता. तिचा विश्वास माझ्यावर होता.

शनिवारी सकाळी ती दारात उभी. एका हातात पिशवी, काखेत गठ्ठा. रात्रभर मी मनात वाक्य तयार केलं होतं. मी म्हणालो, "मावशी, ते अठ्ठ्याहत्तर..."

"हां."

"ते तांदूळ नि डाळ सांगितलं होतं ना मी... तो कंस... तीस आणि बारा..."

"बोल की पुढं. रिक्षा थांबलीय."

मी आकडे सगळे काढले. चळतीवर ठेवले. पुढचा शब्द एकच होता. तो बोललो असतो तर तिने विचारलं असतं, मग खोटं कोणी छापलं? आणि तेवढ्यात खिशात भूपेशदादाचा फोन वाजायला लागला, आणि रिक्षावाल्याने हॉर्न मारला, आणि सोमवार फक्त दोन दिवसांवर होता.

"...सावकाश जा," मी म्हणालो.

"जाते," मावशी म्हणाली. "कॅलेंडर लावून घेते आधी. गॅसची तारीख हाय."

चार वाजून दहा मिनिटांनी हरेशभाईंचा फोन आला. मागे नुसता गोंगाट. त्यांचा आवाज असा होता की पहिल्यांदा मी ओळखलाच नाही.

"विनीत बेटा."

"बोला."

"गच्चीवर पूजा. सत्तर माणूस. बीच का हिस्सा. तेरी मावशी. खाली, घरात. पूजेला आली नाही, बोली धागे बाकी है. पंख्याच्या खाली. कात्री हातात. वो पूरा स्लॅब, विनीत, तेरी मावशी..."

आणि रेंज गेली.

मी फोन कानाला लावून उभा. गच्ची, सत्तर, मावशी, पंखा, कात्री, स्लॅब. सगळं एकावर एक आलं होतं, फक्त शेवटचं यायचं होतं. वाचली, सापडली, अडकली, निघाली, कुठलंही बसलं असतं. मराठी असो, हिंदी असो, आपली माणसं काय झालं ते शेवटी सांगतात. तोपर्यंत ऐकणाऱ्याने सगळं डोक्यावर धरून उभं राहायचं. मी परत फोन लावला. लागला नाही. बदलापूर ते उल्हासनगर मी दोन रिक्षा बदलल्या, आणि दोन्ही रिक्षांत मनातल्या मनात शेवटाला एकेक शब्द लावून बघत होतो. वाचली लावला की थोडं बरं वाटायचं.

गुलराजचा बाहेरचा सांगाडा उभा होता. मधे वरून खालपर्यंत भोक. गच्ची चौथ्यावर, चौथा तिसऱ्यावर, तिसरा हरेशभाईंच्या मशिनींवर. मशिनींनी तो तेवढ्यावर धरला होता. शनिवारी कारखान्याला पूजेची सुट्टी दिली होती, नाहीतर अजून वीस जण गेले असते. वरचे सत्तर कठड्याकडे प्रसादाच्या लायनीत होते म्हणून त्यातले बहुतेक फुटक्या डोक्यांवर निभावले. मधे गच्चीत फक्त चौरंग होता. आणि चौरंगाच्या बरोबर खाली मावशी.

रस्त्याच्या कडेला तिला ठेवलं होतं. झाकायला चादर मिळाली नव्हती, म्हणून लोकांनी तो फ्लेक्स फाडून आणला होता. घाईत अक्षरं वरच्या बाजूला आलेली. छातीवर '७८ गुणांनी', पायांवर 'अभिनंदन'. एक हात बाहेर राहिला होता. धागे कापताना अंगठ्याला पडलेला घट्टा तसाच.

हरेशभाई फुटपाथवर बसले होते. सोवळं लाल झालेलं, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. मला बघून ते उठायला गेले, उठता आलं नाही.

"गेली," ते म्हणाले.

आला शब्द.

सोमवारी सकाळी ऑफिसात गेलो तेव्हा भूपेशदादा आधीच आला होता. त्याने बॉलपेन घेतलं होतं आणि चारशे बारा रिपोर्टांवर हाताने कंस काढत होता. एक उघडता, एक बंद, एक उघडता, एक बंद. डोळे सुजलेले. नखाएवढे कंस, अगदी नीट. रिद्धीताई शेजारी बसून बेरजा सुधारत होत्या. गुलराजचा रिपोर्ट सगळ्यात वर ठेवला होता. एकशे अडुसष्ट.

"आता बरोबर हाय ना, बाला?" दादाने विचारलं. "मागची तारीख टाकू?"

मी तो कागद उचलला आणि चौकीत गेलो.

हवालदार वयस्कर होते, सकाळपासून गुलराजचेच जबाब घेऊन कंटाळलेले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी रात्री ठरवलं होतं, या वेळी आधी शेवटचा शब्द बोलायचा.

"मारलं," मी म्हणालो. "मी. मावशीला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कशाने?"

"कंस काढला."

"कोणाला काढलं?"

"कंस. भूपेशदादा म्हणाले उडव, मी उडवला. तो असता तर बिल्डिंग रिकामी राहिली असती. तो होता म्हणूनच आधी खाली केली होती."

हवालदार जरा पुढे झुकले. "म्हणजे हा कंस तुमच्याकडे कामाला होता."

"कामाला... हो, म्हणजे त्याचं तेच काम. दोघांना धरून ठेवायचं. तीसला आणि बाराला."

"आडनाव काय त्याचं?"

मी त्यांना कागद दाखवला, पेनाने काढलेल्या दोन बारीक रेघा. तांदूळ सांगितले, डाळ सांगितली. तीस ठेवा, बारा ठेवा, मिळवा, चार ठेवा, गुणा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग सावकाश लिहिलं आणि सही करायच्या आधी मला वाचून दाखवलं.

"'कंस नावाच्या अनुभवी इसमास मालक भूपेश यांच्या सांगण्यावरून कामावरून काढून टाकण्यात आले. सदर इसम कामावर असता तर दुर्घटना टळली असती. सदर इसमाचा शोध चालू आहे. जबाब देणारा मानसिक धक्क्यात असून आकडे बोलतो.'"

"असं नाही," मी म्हणालो.

"असंच असतं बाळ," ते म्हणाले. "तो सापडला की सगळं बाहेर येईल. सही कर."

वाक्यं नीट होती. क्रियापदं शेवटी होती. मी सही केली.